माळा उतरवताना

मोठ्या घरातून लहान घरात जाणाऱ्यांची पत्रं हल्ली वाढली आहेत. बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, पुनर्विकास. त्यातली कुतूहलाची म्हणता येतील अशी काही इथे घेतली आहेत. 'वर्षभर वापरलं नाही ते टाका' या छापाचा सल्ला हवा असेल, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. लग्नाकार्यातली परात वर्षभर कोणीच वापरत नाही.

प्रश्न : आमचं सदाशिव पेठेतलं घर पुनर्विकासाला चाललं आहे. पाच खोल्या आणि वर माळा. आता तीन वर्षं भाड्याच्या दोन खोल्या, मग नव्या इमारतीत टू बीएचके. सासूबाईंच्या वेळची तांब्यापितळेची भांडी पोत्यांत बांधून माळ्यावर पडली आहेत. बंब, घंगाळ, हंडे, कळश्या, पराती, सतेली, काही विचारू नका. मुलगा म्हणतो, भंगारात काढ. भंगारवाल्याला बोलावलं, पण त्यानं सांगितलेला आकडा ऐकून त्याला आल्या पावली परत पाठवलं. ज्या हंड्याकडे इतकी वर्षं ढुंकून पाहिलं नाही, तो देताना जीव का कासावीस होतो? आणि तो हंडा इथून जातो तरी कुठे?
(निवृत्त शिक्षिका, पुणे)

उत्तर : बाई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अर्थशास्त्रज्ञांनी कॉफीच्या मगांवर शोधलं. डॅनियल कानेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना एकेक मग दिला. मग मिळालेल्यांना विचारलं, केवढ्याला विकाल? उरलेल्यांना विचारलं, केवढ्याला घ्याल? मग हातात पडून फार वेळ झाला नव्हता, तरी विकणाऱ्यांचा आकडा घेणाऱ्यांच्या दुपटीच्याही वर गेला. वस्तू आपली झाली की तिची किंमत आपल्या डोक्यात चढते, बाजारात चढत नाही. कानेमान यांना २००२ साली आणि थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आता त्या पोरांना नुकत्या मिळालेल्या मगाबद्दल एवढं वाटलं, तर दोन पिढ्या घरात असलेल्या हंड्याबद्दल तुम्हाला वाटलं यात नवल ते काय. भंगारवाला तुम्हाला लुबाडत होता असंही लगेच समजू नका. तो धातूचा भाव सांगत होता आणि तुम्ही सासूबाईंचा भाव ऐकायला बसला होतात.

तरी त्याच्या आकड्याची उकल करून घ्यावी. मोडीचा भाव नव्या भांड्याच्या भावापेक्षा बराच खाली असतो, कारण नव्या भांड्यात घडणावळ असते आणि मोडीत नुसतं वजन. त्या वजनातूनही लोखंडी कड्या, डाख, तळाची काजळी यांची घट धरली जाते. मुख्य फसगत होते ती सगळं एकाच तागडीत टाकल्यानं. तांबं, पितळ आणि कासं आधी वेगवेगळं करा. पितळ म्हणजे तांब्यात जस्त मिसळलेलं, त्यामुळे ते तांब्याहून स्वस्त. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण चार भागांना एक भाग. कथील जस्तापेक्षा कितीतरी महाग असतं. जुन्या घरांतल्या जेवणाच्या वाट्या, लहान ताटल्या, पायाला तूप चोळायची वाटी ही बऱ्याचदा काशाची असते आणि काळवंडल्यावर पितळेच्या ढिगात सहज खपून जाते. वाटी तळहातावर ठेवून कडेला टिचकी मारा. कासं घंटेसारखं बराच वेळ वाजत राहतं, पितळ लगेच गप्प होतं. मात्र वाजवून बघण्याच्या नादात खाली पाडू नका. पितळेला पोचा येतो, कासं तडकतं.

आता हंडा जातो कुठे. पेठेतला भंगारवाला तो मोठ्या व्यापाऱ्याला विकतो आणि तिथून तो बहुधा भट्टीची वाट धरतो. पितळी मोडीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे गुजरातमधलं जामनगर. नळाचे भाग, प्लगच्या पिना, नट, व्हॉल्व्ह असे पितळी सुटे भाग बनवणारे कारखाने तिथे गल्लोगल्ली आहेत आणि त्यांचं पोट मोडीवर चालतं. तेव्हा सासूबाईंचा हंडा उद्या कुणाच्या नव्या फ्लॅटमध्ये भिंतीतल्या सॉकेटला जोडलेला असू शकतो. तुमच्याही!

सगळेच हंडे वितळत नाहीत. घाट चांगला असेल, पोचे नसतील, तर व्यापारी तो बाजूला काढतो. पुण्यातला जुना बाजार किंवा मुंबईच्या चोर बाजारातली मटन स्ट्रीट अशा ठिकाणी ही भांडी उभी राहतात आणि रिसॉर्टवाले, फार्महाऊसवाले, सिनेमा-मालिकांचे कलादिग्दर्शक ती उचलतात. तिथला भाव वजनाचा नसतो, नगाचा असतो. म्हणून बंबासारखा देखणा नग वजनावर घालू नये. फ्लॅटमध्ये बंब पेटवणं शक्य नाही, धूर कुठे जाणार? मग त्याचा दिवा होतो, नाहीतर कुंडी. दिव्याचा खांब झालेला बंब मला बघवत नाही, पण ही माझी आवड झाली. विकणाऱ्यानं ती मनावर घ्यायचं कारण नाही.

विकण्यापूर्वी एक वाट वाकडी करून कसबा पेठेतल्या तांबट आळीत जाऊन या. त्वष्टा कासार कारागिरांचे ठोके तिथे अजून ऐकू येतात. पोचे काढणं, डाख देणं, झिलई, कल्हई अशी कामं जाणणारी माणसं तिथे भेटतात आणि कोणतं भांडं राखण्यासारखं आहे हे मठारकाम बघून सांगू शकतात. दुकानदारापेक्षा कारागिराचं मत घ्यावं, कारण त्याला भांड्याच्या आतली बाजू कळते.

पोती सोडल्यावर विक्रीच्याही आधी करायचं काम वेगळंच आहे. भांड्यांवरची नावं वाचा. पूर्वी लग्नात, मुंजीत भांडं द्यायचं तर त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालून देत. कुणाचं लग्न, कुणाकडून आहेर, कोणतं गाव, कधी शकाचं वर्षही. कळशीच्या गळ्याखाली किंवा परातीच्या काठावर बोट फिरवलं तर अक्षरं दिसण्याआधी लागतात. थोडी चिंच लावून घासा, की स्पष्ट होतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. तारीख जानेवारी ते पाडव्याच्या आतली असेल तर ७९. म्हणजे शके १८७१चं लग्न १९४९-५०चं. कित्येक घरांत आजीच्या माहेरचं आडनाव, तिच्या मामाचं गाव, तिचं माहेरचं नाव याचा एवढाच लेखी पुरावा उरलेला असतो. प्रत्येक नावाचा फोटो घ्या, नातेवाइकांच्या गटावर टाका आणि 'हे कोण?' एवढंच विचारा. ज्याच्या घरचं नाव निघेल, त्याला ते भांडं द्यायचं. तुमची निम्मी पोती अशीच वाटली जातील. जो हंडा मोडीत घालताना हात थरथरतो, तोच मामेबहिणीच्या हातात देताना थरथरत नाही, कारण तिथे तो कुणाचा तरी राहतो.

वस्तुसंग्रहालयाला द्यावं का, असंही पुष्कळजण विचारतात. दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास घरोघरचे दिवे, अडकित्ते, वज्री, भांडी गोळा करायला सुरुवात केली तेव्हा लोकांना ती अडगळ वाटत होती. १९७५ साली त्यांनी तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांच्या वर वस्तू आहेत आणि एका वेळी मांडता येतात त्या त्यातल्या थोड्याच. तुमच्यासारखा हंडा तिथे असणारच. खरोखर वेगळी वस्तू असेल, आणि ती कुणी, कुठे, कशासाठी वापरली हे सांगता येत असेल, तरच त्यांचं दार वाजवावं.

राहता राहिलं ते तुमच्या नव्या ओट्यावर काय ठेवायचं. पुरणयंत्र, सोऱ्या, खलबत्ता आणि एक मोठं पातेलं ठेवा. घंगाळ जाऊ द्या. आणि तीन वर्षांचं भाड्याचं घर मध्ये आहे हे विसरू नका. जे न्याल ते दोनदा बांधायचं, दोनदा उतरवायचं आहे. 'तात्पुरतं' म्हणून दिरांच्या गॅरेजमध्ये ठेवलेली पोती परत येत नाहीत, वर दिरांशी अबोला होतो तो वेगळा.

प्रश्न : कोल्हापूरचं वडिलोपार्जित घर विकून आम्ही नाशिकला मुलीजवळ फ्लॅट घेतला आहे. वडिलांच्या ट्रंकेत कागदांचे गठ्ठे निघाले. शेअर सर्टिफिकेटं, बंद झालेली पासबुकं, मोडी लिपीतले काही कागद, आणि एका लिफाफ्यात जुन्या पाचशेच्या नोटा. यातलं रद्दीत काय जातं?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : रद्दी सर्वांत शेवटी. घर आवरताना लोक कपड्यांवर दिवसचे दिवस घालवतात आणि कागदांचा गठ्ठा मात्र शेवटच्या संध्याकाळी, टेम्पो दारात उभा असताना उचलून देतात. उलटं करायला हवं.

शेअर सर्टिफिकेट कितीही पिवळं पडलं असलं तरी टाकू नका. कंपनीचं नाव बदललं असेल, ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली असेल, म्हणजे ती बुडाली असं नव्हे. मध्यंतरी बोनस शेअर निघाले असतील तर दहाचे शंभरही झालेले असू शकतात. १ एप्रिल २०१९पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाहीत, पण वारसाहक्कानं मिळवायची वाट उघडी आहे. शेवटी ते डिमॅट खात्यातच येतात. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही, तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. तिथूनही वारसाला अर्ज करून परत मागता येतात. मृत्युदाखला, वारसाची कागदपत्रं, सहीची पडताळणी असं चिकाटीचं काम आहे. 'सगळं मिळवून देतो, निम्मं आमचं' म्हणणारे दलाल भेटतील. आधी स्वतः कंपनीच्या रजिस्ट्रारला पत्र टाका.

पासबुकांचंही तसंच. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करतात, पण तुमचा हक्क जात नाही आणि पैसे मागायचे ते मूळ बँकेकडेच. वडिलांच्या नावावर कुठे काही पडलं आहे का, हे बघण्यासाठी रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टल सुरू केलं. अनेक बँकांचा शोध एकाच ठिकाणी घेता येतो. वडिलांच्या नावाची स्पेलिंगं जितक्या प्रकारे होतात तितक्या प्रकारे टाकून बघा. आपल्याकडे 'देशमुख' एका पासबुकात एक आणि दुसऱ्यात दुसरंच असतं. गॅस कनेक्शनचं जुनं व्हाउचरही त्या गठ्ठ्यात असेल. नव्या इमारतीत पाइपचा गॅस असेल, तर सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करून अनामत रक्कम घेता येते.

नोटांचं काय? ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा आता बदलून मिळत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेल. ठाऊक नसेल ते हे, की २०१७च्या कायद्यानुसार अशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ बाळगता येत नाहीत. अभ्यासासाठी किंवा नाणेसंग्रहासाठी ही मर्यादा पंचवीस आहे. पुढे दंड आहे. लिफाफा मोजून घ्या. नातवंडांना दाखवायला दोन-चार ठेवल्यात तर कुणाची हरकत नाही.

मोडी कागदांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, टाचणी असेल तर अलगद काढा. गंजलेली टाचणी कागद खाते. घडी उलगडत नसेल तर ओढू नका. वि. का. राजवाडे असेच लोकांचे वाडे आणि माळे धुंडाळत फिरले. त्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड निघाले, त्यातला पहिला १८९८ साली. १९१० साली त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. मंडळाकडे किंवा कोल्हापुरातच पुराभिलेखागाराकडे कागद दाखवता येतील. बहुतेक वेळा ते घरातल्या कर्जाचे नाहीतर शेताच्या वाटपाचे निघतात. निराश होऊ नका, तेही वाचून घ्या. ७५ वर्षांहून जुनं आणि ऐतिहासिक मोल असलेलं हस्तलिखित १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या भावाकडे पाठवण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या.

उरलं ते, म्हणजे विजेची जुनी बिलं, कुणाकुणाच्या लग्नपत्रिका, संपलेल्या विम्याच्या पावत्या, खुशाल रद्दीत घाला. विकलेल्या घराच्या व्यवहाराचे कागद मात्र त्यात जाऊ देऊ नका. आधार आणि पॅनच्या झेरॉक्स फाडून टाका.

प्रश्न : आई-वडील डोंबिवलीचं घर सोडून आमच्याकडे राहायला येत आहेत. वडिलांकडे सुमारे बाराशे पुस्तकं आणि चाळीस वर्षांचे दिवाळी अंक आहेत. ते म्हणतात, वाचनालयाला देऊ. दोन वाचनालयांनी चक्क नको म्हटलं. असं कसं?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : वाचनालयाला पुस्तक फुकट मिळालं तरी ते ठेवणं फुकट नसतं. नोंद, शिक्का, पुठ्ठा, कपाटातली जागा आणि वाळवीपासून राखण, हे सगळं त्यांच्या माथी. त्यात भेट येणारी पुस्तकं त्यांच्याकडे आधीच असतात. त्यांच्या काही अडचणी खऱ्या आहेत आणि काही आपल्या भाबडेपणातून आल्या आहेत. 'ट्रकभर पुस्तकं देतो, घेऊन जा' असा फोन आला की कुठलाही ग्रंथपाल आधी नाहीच म्हणणार.

यादी करा. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशन वर्ष, आवृत्ती. काम कंटाळवाणं आहे, पण वडिलांना पुस्तकं हातात घेऊन नावं सांगू द्या आणि तुम्ही टाइप करा. दोन रविवारांत होईल, आणि वडील मध्येच वाचत बसले तर तीन. यादी पाठवल्यावर 'यातली एवढी हवीत' असं उत्तर येतं. तालुक्याच्या नव्या वाचनालयांना, आश्रमशाळांना कथा-कादंबऱ्या हव्या असतात. शहरातल्या जुन्या ग्रंथसंग्रहालयांना हवे असतात ते त्यांच्या संचातले हरवलेले खंड.

दिवाळी अंकांची गोष्ट निराळी. का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला आणि तेव्हापासून मराठी माणूस अंक जपत आला आहे, पण वेगवेगळ्या मासिकांचा एकेक सुटा अंक अभ्यासकाच्या फारसा कामाचा नसतो. एकाच मासिकाचे सलग वर्षांचे अंक असतील, मुखपृष्ठ-जाहिरातींसकट, तर त्याला किंमत आहे. जाहिरातींसकट हे मुद्दाम लिहिलं. पुष्कळांनी बांधणी करून घेताना जाहिरातींची पानं काढून टाकली, आणि आज लोकांना बघायची असतात तीच पानं. 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' यांचे जुने बांधीव खंड निघाले तर ते रद्दीच्या आसपासही जाऊ देऊ नका.

बाराशेतली शंभर-दीडशे पुस्तकं वडिलांबरोबर तुमच्या घरी यावीत. कुठली, ते त्यांनी ठरवायचं. त्यांच्या गैरहजेरीत कपाट रिकामं करण्याचा सल्ला कुणी दिला असेल, तर त्या माणसाच्या घरी एकदा जाऊन बघा तो कुणाशी बोलतो ते. खोकी बांधताना पुस्तकांना लहान खोकी घ्या. मोठ्या खोक्यात पुस्तकं भरली की हमालाच्या पाठीचा कणा मोडतो नाहीतर खोक्याचा तळ फाटतो.

प्रश्न : आम्ही तिघे भाऊ. आई आता माझ्याकडे असते, म्हणून गावचा देव्हाराही माझ्याकडे यायचा आहे. पाच टाक, काही मूर्ती आणि भिंतभर तसबिरी आहेत. फ्लॅटमधलं देवघर ओट्याशेजारच्या कोनाड्याएवढं. देव कमी करता येतात का?
(एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : कुलाचार ज्याच्या-त्याच्या घरचा. आई आहे, तिला विचारा. तिचा शब्द या सदरापेक्षा मोठा. पण व्यवहार सांगता येईल. भाऊ वेगळे झाले की टाकांची वाटणी किंवा नवे टाक करून घेणं ही जुनीच रीत आहे. झिजलेले टाक सोनाराकडे देऊन त्याच चांदीत नवे घडवतात आणि जेजुरीला, तुळजापूरला किंवा आपल्या कुलदैवताला नेऊन भेटवून आणतात. म्हणजे देव बदलण्याची सोय परंपरेनंच करून ठेवली आहे, फक्त तिला प्रवास जोडला आहे. तिघा भावांनी एकत्र जाण्याचं निमित्तही होईल.

तसबिरी नदीत सोडू नका, पिंपळाखाली तर मुळीच ठेवू नका. तिथे त्या पावसात कुजतात आणि त्या काचेवर कुणाचा तरी पाय पडतो. चौकट, काच आणि चित्र वेगळं करा. चौकट-काच पुन्हा वापरात जाते. चित्रं जुन्या छापखान्यांची असतील, रविवर्मा छापाची किंवा तशा शिळाछापाची, तर मोल जाणणारा कुणी निघतो. बाकीच्या कागदाची आईच्या मनाला पटेल तशी व्यवस्था करा, नमस्कार करून.

यात ओशाळण्यासारखं काही नाही. जपानमध्ये मोडलेल्या शिवणकामाच्या सुयांचे आभार मानायचा दिवस असतो, 'हारी-कुयो'. काही भागांत तो ८ फेब्रुवारीला आणि काही भागांत ८ डिसेंबरला करतात. वर्षभर कडक कापडात घुसून झिजलेल्या सुया त्या दिवशी देवळात नेऊन मऊशार टोफूत खोचून ठेवतात. आवराआवरीवर जगभर खपणारी पुस्तकं लिहिणारी मारी कोंडो त्याच देशातली. वस्तू हातात घेऊन आनंद होतो का बघा, असं ती सांगते. टाक हातात घेऊन आनंद होतो का, असा प्रश्न आमच्या आईपुढे मांडायची माझी छाती नाही. पण टाकताना आभार मानावेत हे कोंडोचं म्हणणं आपल्याकडे सहज पटण्यासारखं आहे.

प्रश्न : जुने कपडे, कापसाच्या गाद्या आणि डबा टीव्ही. महापालिकेच्या गाडीत टाकू का?
(गृहिणी, पिंपरी)

उत्तर : तिन्हींच्या वाटा वेगळ्या. बोहारीण अजून येत असेल तर कपडे तिलाच द्या. ती एकेक कपडा उलटापालटा करून बघते आणि एका पातेल्यासाठी तुमच्याशी तासभर हुज्जत घालते, कारण घालण्याजोगं काय आणि चिंधी काय हे तिला तिथेच ठरवायचं असतं. सुती चिंध्या गॅरेजांत आणि छापखान्यांत पुसायला जातात. लोकरी आणि मिश्र धाग्यांचे कपडे पुष्कळदा पानिपतला पोचतात. तिथे चिंध्या पिंजून पुन्हा सूत आणि घोंगड्या करण्याचा मोठा धंदा आहे, आणि पानिपतचं नाव आपल्याकडे निघतं त्या अर्थानं याचा काही संबंध नाही. जरीची नऊवारी मात्र बोहारणीला देण्याआधी सोनाराला दाखवा. जुन्या खऱ्या जरीत चांदीची तार असते.

गादीतला कापूस टाकू नका. पिंजून घेतला की दोन जुन्या गाद्यांत एक चांगली गादी होते आणि ती नव्या घरातल्या मापाची शिवून मिळते.

डबा टीव्ही भंगारवाल्याला दिला तर तो आतली तांब्याची तार काढून घेतो आणि काच नाल्यात जाते. त्या जाड काचेत शिसं असतं. नवा घेताना दुकानदार जुना परत घेत असेल तर तिथे द्या, नाहीतर नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या नियमांनुसार ही जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेकडेही चौकशी करता येईल. पाऱ्याचा तापमापक आणि पाऱ्याचं बीपीचं यंत्र सापडलं तर फुटणार नाही असं गुंडाळून वेगळं द्या.

प्रश्न : गोदरेजचं जुनं कपाट नव्या फ्लॅटमध्ये न्यावं की विकावं?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : टेप घ्या. कपाट साधारण साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फुटाच्या वर खोल असतं. नव्या इमारतीच्या लिफ्टचं दार बहुधा दोन मीटर उंच असतं, म्हणजे कपाट उभं जातं, पण जेमतेम, आणि आतली खोली तीन फुटांपेक्षा जास्त हवी. जिन्यानं न्यायचं तर वळणं मोजा. सोसायटी सामानासाठी लिफ्ट कोणत्या वेळेत देते ते आधी विचारा, नाहीतर चार हमाल आणि एक कपाट दुपारभर पार्किंगमध्ये बसतील. पत्रा गंजला नसेल आणि ही मापं जुळत असतील तर न्या. आजच्या प्लायवुडला त्याची सर नाही. विकायचं ठरलंच तर आतल्या तिजोरीचा चोरकप्पा आधी उघडून बघा, आणि किल्ली सापडत नसेल तर किल्लीवाल्याला बोलावून का होईना, पण उघडूनच द्या.